सेटरच्या डोक्यातलं कागदावर कसं आणायचं?

नमस्कार मंडळी. ज्ञान व्यवस्थापन म्हटलं की लोक आधी सॉफ्टवेअरची चौकशी करतात. भोसरी, अंबड किंवा शिरोलीतल्या पंधरा-वीस माणसांच्या मशीनशॉपमध्ये तो सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. आयएसओ 9001 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत 7.1.6 हे कलम आलं: काम चालवायला जे ज्ञान लागतं ते ओळखा, जपा, गरजेला हाताशी ठेवा. ऑडिटपुरती फाइल बहुतेकांनी केली. फाइल ऑफिसच्या कपाटात राहिली आणि ज्ञान सेटरच्या, म्हणजे प्रत्येक कामासाठी मशीन जुळवून देणाऱ्या माणसाच्या, डोक्यात.

एक जॉब, म्हणजे मशीनवर बनवायचा भाग, घ्या. पातळ भिंतीचा बुश (नळीसारखा भाग), बाहेरचा व्यास 70 मिलिमीटर, बोअर म्हणजे आतलं भोक 62, म्हणजे भिंत फक्त 4 मिलिमीटर. सीएनसी म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथच्या तीन जॉच्या चकमध्ये (तीन जबड्यांच्या पकडीत) तो नेहमीच्या प्रेशरने धरला की तीन ठिकाणी दबतो. दबलेल्या अवस्थेत बोअर अगदी गोल होतो. चक सोडला की भिंत परत फुलते आणि बोअर किंचित तिकोनी होतो. गंमत म्हणजे दोन टोकांच्या बोअर गेजवर हे दिसत नाही, कुठेही फिरवा, माप जवळपास सारखंच येतं. प्लग गेज (भोकात घालून बघायचा मापाचा दांडा) मात्र आत जात नाही. मग नवा ऑपरेटर ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) देऊन बोअर मोठा करतो आणि रिजेक्शन वाढतं.

जुना सेटर काय करतो? रफिंग, म्हणजे जाड कटिंग, 20 किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) प्रेशरवर. मग प्रेशर 8 वर आणून जॉब पुन्हा धरतो आणि फिनिशिंग, म्हणजे शेवटचा बारीक कट, करतो. सॉफ्ट जॉ (जॉबच्या आकाराला कापून घेता येणारे मऊ जबडे) त्याच कमी प्रेशरवर, जॉबच्या बाहेरच्या व्यासाइतके बोअर केलेले, म्हणजे जॉब तीन टोकांवर नाही, तिन्ही जॉच्या पूर्ण कमानीत बसतो. प्रेशर कमी म्हणून प्रोग्रॅममध्ये ‘जी 50 एस 1200’ ही वेगमर्यादा, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त 1200 फेरे, कारण वेग वाढला की जॉ बाहेर ओढले जातात आणि पकड आणखी सुटते.

आता सेटिंग शीटवर नुसतं ‘प्रेशर 8, कमाल 1200’ लिहिलं, तर रात्रपाळीतला हुशार मुलगा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) वाचवायला मर्यादा 1800 करतो, सोबत कटिंग स्पीडही वाढवतो. जॉब चकमधून उडतो. हा बेशिस्तपणा नाही, त्याला कारण माहीत नव्हतं.

म्हणून शीटला तीन रकाने हवेत: काय करायचं, कशाला जपायचं, का. ही पद्धत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट शिकवण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम चालला, तिथून ही मांडणी आली; तिथे मुळात पहिले दोनच रकाने होते, ‘का’ हा तिसरा पुढे जोडला गेला. युद्धानंतर ती जपानमध्ये गेली आणि टोयोटाने ती अंगी बाणवली. तिसरा रकाना भरायला सगळ्यांना कंटाळा येतो. नेमका तोच कामाचा.

सगळे जॉब लिहायला बसू नका, दोन महिन्यांत दमाल. एका कागदावर उभे रिपीट जॉब, आडवी माणसांची नावं. चौकटीत आकडा: 0 म्हणजे येत नाही, 1 मदतीने, 2 एकट्याने, 3 म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ज्या ओळीत 2 किंवा 3 फक्त एकाच नावाखाली आहे, ते जॉब आधी घ्या.

शीट एका पानाची. ड्रॉइंग नंबर आणि त्याची आवृत्ती, प्रोग्रॅम नंबर, जॉचा नंबर, प्रेशर, टरेटच्या (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्याच्या) कुठल्या स्टेशनला कुठला टूल, इन्सर्टचा (टूलच्या बदलता येणाऱ्या पात्याचा) ग्रेड, टूल किती बाहेर काढायचा, किती नगांनंतर ऑफसेट बघायचा. जॉवर नंबर पंच केलेला नसेल तर बाकी शीट व्यर्थ. ती प्लॅस्टिकच्या पाकिटात मशीनजवळच लावा, शेजारी लाल पेन. सेटर जागेवर दुरुस्ती करील आणि सुपरवायझर दर शनिवारी ती पक्की करील.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेटिंगचे फोटो टाकणं वाईट नाही, पण सहा महिन्यांनी तो जॉब पुन्हा आला की फोटो सापडत नाही. फोटो त्याच दिवशी जॉबच्या नावाच्या फोल्डरमध्ये गेला पाहिजे. प्रोग्रॅमचंही तसंच. मशीनवर सेटरने सुधारलेला प्रोग्रॅम आणि ऑफिसमधली प्रत यांत फरक पडलेला असतो. मशीनच्या कंट्रोलची बॅटरी संपल्याची सूचना स्क्रीनवर लुकलुकत असताना कोणी पाहिलं नाही, तर प्रोग्रॅमबरोबर पॅरामीटरही (मशीनच्या मूळ सेटिंगचे आकडे) जाऊ शकतात. रिपीट जॉब संपला की बॅकअप, त्याआधी सेटिंग मोडायचं नाही.

सेटर सांगत का नाही, हेही बघा. त्याचा ओव्हरटाइम आणि त्याचा मान दोन्ही त्या गुपितावर उभे आहेत. ‘शेअर करा’ म्हणून तो सांगणार नाही. आकडा 3 मिळवणाऱ्याला पगारात फरक दाखवा, आणि शिकवायला गेलेला वेळ त्याच्या प्रॉडक्शनच्या टार्गेटमधून वजा करा. हे दुसरं बहुतेक मालक विसरतात.

आणि त्याने राजीनामा दिलाच, तर नोटीसच्या महिन्यात त्याला लिहायला बसवू नका. सेटिंग दुसऱ्याने करायचं, त्याने मागे उभं राहायचं, मशीनला हात लावायचा नाही. तो जिथे न राहवून ‘थांब’ म्हणेल, ते वाक्य तिसऱ्या रकान्यात लिहून घ्या.