डेमोक्रॅट्सचा पुढचा नेता कोण? आधी तिकिटाचं बघू

नमस्कार मंडळी. नोव्हेंबर 2024 मध्ये इथं सांगलीत विधानसभेच्या प्रचाराचे भोंगे सकाळपासून सुरू असायचे, तरी चहाच्या गाड्यावर विषय ट्रम्पचाच. विश्रामबागेतल्या कितीतरी घरांतली पोरं अमेरिकेत नोकरीला आहेत, त्यामुळं तिथल्या अध्यक्षपदाचा हा निकाल आपल्याला परका नाही. कमेंटमध्ये सगळ्यांचा प्रश्न एकच: कमला हॅरिस हरल्या, आता त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं काय?

राज्यवार मिळणारी इलेक्टोरल मतं, ज्यांवर अध्यक्ष ठरतो: ट्रम्प 312, हॅरिस 226. ज्या सात राज्यांवर सगळ्यांचा डोळा होता, ती सातही गेली. संसदेचं वरचं सभागृह सिनेट गेलं, खालचं हाऊसही ट्रम्पच्या रिपब्लिकन पक्षाकडंच राहिलं. पण माझ्या मते खरी काळजी न्यू जर्सीची होती, जिथं हॅरिस जिंकल्या. 2020 मध्ये बायडेन तिथं जवळपास 16 टक्क्यांनी पुढं होते. 2024 मध्ये हॅरिस यांची आघाडी सहाच्या आसपास. आणि टेक्सासात रिओ ग्रांदे नदीच्या काठावर स्टार काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे, जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन मुळाची. अध्यक्षपदाला रिपब्लिकन उमेदवार तिथं 1892 नंतर कधी जिंकला नव्हता. 2024 मध्ये जिंकला.

अमेरिकेतली महागाई जून 2022 मध्ये 9.1 टक्क्यांवर गेली होती. पुढं दर उतरला, पण चढलेले भाव चढलेलेच राहिले. रोज किराणा भरणाऱ्या बाईला तुम्ही टीव्हीवरून अर्थव्यवस्था झकास आहे म्हणून सांगत बसलात, तर ती तुम्हाला मत कशाला देईल? मतदार फसला, असं म्हणणाऱ्या डेमोक्रॅट मंडळींचा मला मनापासून राग येतो.

आता नेत्याचं. तिकडं हरलेला उमेदवार विरोधी पक्षनेता होत नाही. पक्षाला अध्यक्ष असतो, पण तिकीट त्याच्या खिशात नसतं. राज्याराज्यात पक्षाचे मतदार आधी आपसांत मतदान करतात, त्याला प्रायमरी म्हणतात, आणि त्यातून उमेदवार ठरतो. 2024 मध्ये नेमकं तेच राहून गेलं. बायडेन 21 जुलैला उमेदवारीतून बाजूला झाले तोवर प्रायमऱ्या उरकल्या होत्या. मग हॅरिस यांचं नाव पक्षाच्या प्रतिनिधींनी पक्कं केलं. नियमात बसणारं होतं, पण लोकांनी निवडलेलं नव्हतं.

हे सांगलीकरांना समजवायला नको. 2024 च्या लोकसभेला आघाडीत आपली जागा ठाकरे गटाला सुटली, विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लिफाफा चिन्हावर लाखभर मतांनी खासदार झाले. तिकीट वर ठरलं होतं, खाली ते कुणी मानलंच नाही.

त्यामुळं पक्ष संपला वगैरे मथळे मी मनावर घेत नाही. 2004 मध्ये हरलेल्या याच डेमोक्रॅट्सनी 2006 मध्ये दोन्ही सभागृहं घेतली आणि 2008 मध्ये ओबामा आले. उलट 2012 च्या पराभवानंतर रिपब्लिकन पक्षानं अहवाल काढला, स्थलांतरितांबद्दल मवाळ व्हा म्हणून. 2016 मध्ये त्यांच्याच मतदारांनी ट्रम्प निवडला!

म्हणून वॉशिंग्टनच्या बैठकांपेक्षा माझी नजर गव्हर्नरांवर, म्हणजे तिकडच्या राज्यांच्या निवडून येणाऱ्या प्रमुखांवर आहे. पेनसिल्व्हेनियाचे जॉश शपिरो, मिशिगनच्या ग्रेचेन व्हिटमर. 2024 मध्ये ही दोन्ही राज्यं ट्रम्पकडं गेली, पण त्याच राज्यांत हे दोघं 2022 मध्ये दणदणीत निवडून आलेत. आणि न्यू जर्सीत गव्हर्नरपदाची निवडणूक नोव्हेंबर 2025 मध्ये झाली. तिथल्या निकालावर आपण पुन्हा बसू, काउंटीवार आकडे घेऊन.