तीन मिनिटांचं गाणं

मित्रहो, गाणं किती वेळाचं असावं असं विचारलं, तर आपल्यापैकी बहुतेक जण तीन-चार मिनिटं म्हणतील. हा आकडा आपल्या कानांना कोणी शिकवला, तिथूनच सुरुवात करतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. मग संगीतच त्या मापाने बेतलं जाऊ लागलं. स्ट्राविन्स्कीसारख्या संगीतकाराने १९२५ साली पियानोसाठी ‘सेरेनेड इन ए’ रचली, तीसुद्धा एकेक भाग तबकडीच्या एकेका बाजूत बसेल अशी. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त. जागेची अडचण संपली, पण सवय राहिली. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली, रेडिओलाही आटोपशीर गाणी सोयीची होती. तोवर गाणं म्हणजे एवढंच, हे आपल्या अंगवळणी पडलेलं होतं.

आवाजाची गोष्ट तर मला याहून विलक्षण वाटते. सुरुवातीचं ध्वनिमुद्रण म्हणजे भल्यामोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून गायचं. मायक्रोफोन नव्हता. आवाजाच्या नुसत्या जोराने कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. गायिका कर्ण्यात जवळजवळ तोंड घालून गायची आणि वरचा सूर आला की चटकन मागे सरकायची, नाहीतर आवाज फाटायचा. व्हायोलिनचा नाजूक आवाज पोहोचेना, म्हणून त्यालाच कर्णा जोडून स्ट्रो व्हायोलिन तयार झालं. अशा खोलीत हळुवार गळ्याचं काय होणार? ‘चांगला आवाज’ म्हणजे दणदणीत आवाज, हे त्या कर्ण्याने पक्कं केलं.

१९२५ मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण बाजारात आलं. मायक्रोफोनपुढे ओरडायची गरज उरली नाही. अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बी शेजारी बसून बोलावं तसा गाऊ लागला, आणि दूरदूरच्या घरांत एकट्या बसलेल्या माणसांना वाटलं, हा माझ्यासाठीच गातोय. ही जवळीक यंत्राने दिली आणि ती मला मनापासून प्रिय आहे. म्हणून यंत्राने आवड बिघडते, असं कोणी सरसकट म्हटलं की मी वाद घालतो.

माझी काळजी वेगळी आहे. तबकडी आपल्याला ऐकवायची, पण आपण काय करतो हे तिला कळत नव्हतं. आजचं यंत्र आपल्यावर लक्ष ठेवतं. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. पैसे त्या मोजणीवर ठरत असतील, तर संगीतकाराला सुरुवातीचे सूर लांबवायचा धीर कसा होणार?

गेल्या आठवड्यात रात्री मी एक गाणं लावलं. सुरुवातीला नुसतीच बासरी, तीही थांबत थांबत. शब्द यायला वेळ होता. माझा अंगठा काचेवरून सरकला आणि पुढचं गाणं सुरू झालं. मी काही ठरवलं नव्हतं. ते गाणं मला आवडलं नाही, असंही म्हणता येणार नाही, कारण मी ते ऐकलंच कुठे होतं? पण कुठेतरी नोंद झाली असणार: या माणसाला संथ बासरी नको. अशा शंभर नोंदींतून उद्या मला माझ्या ‘आवडीची’ यादी मिळेल, आणि तिच्यात बासरी नसेल. हे मला फार लागलं. अंगठ्याची घाई माझी आवड म्हणून लिहिली जाते आहे, आणि मीही ती तशीच मान्य करत चाललो आहे.

त्याच रात्री मागे जाऊन ते गाणं पहिल्यापासून लावलं. फोन पलीकडच्या टेबलावर ठेवला. पहिलं मिनिट खरोखर जड गेलं, हात शिवशिवत होता. मग बासरी जिथे थांबत होती, तिथे वादकाचा श्वास ऐकू आला.

आता मी दोन ध्वनिमुद्रणं वाजवणार आहे. पहिलं कर्ण्यासमोरचं आहे. खरखर बरीच आहे, तिची सवय व्हायला थोडा वेळ द्या. वरचा सूर येतो तिथे गायिकेचा आवाज किंचित लांब जातो, तेव्हा ती पाऊलभर मागे सरकली आहे. दुसरं मायक्रोफोनवरचं आहे. फोन कृपया खिशात असू द्या.