आडवा वारा आणि पेडल नसलेलं विमान

नमस्कार श्रोतेहो. विमान उतरवताना वारा समोरून आला तर उत्तमच. पण धावपट्टी जागची हलत नाही आणि वारा रोज दिशा बदलतो. तो बाजूने आला की छोटं विमान पट्टी सोडून वाहवत जातं.

यावर तोडगे दोन. एक, नाक वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखं तिरकं यायचं आणि टेकायच्या ऐन आधी रडरचं, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचं, पेडल दाबून नाक सरळ करायचं. दुसरा, वाऱ्याकडचा पंख खाली झुकवायचा, उलट बाजूचं पेडल दाबून नाक पट्टीच्या रेषेत धरायचं. यात वाऱ्याकडचं चाक आधी टेकतं. बरेच जण लांबून पहिला आणि जमिनीजवळ दुसरा वापरतात. ध्यानात ठेवा : टेकताना नाक सरळ हवं आणि बाजूला सरकणं बंद हवं. पुन्हा सांगतो, नाक सरळ, सरकणं बंद.

आता माझी आवडती गोष्ट. अमेरिकेत फ्रेड विक नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी 'अर्कूप' नावाचं दोन आसनी विमान काढलं, ते 1937 साली पहिल्यांदा उडालं. त्यात पायाशी रडरची पेडलंच नव्हती! रडर एलेरॉनला, म्हणजे विमान झुकवणाऱ्या पंखांवरच्या झडपांना, जोडलेला, सगळं हातातल्या चाकावर. मग आडव्या वाऱ्यात काय करायचं? काही नाही! तिरकं यायचं आणि तिरकंच टेकायचं. मुख्य चाकं वजनाच्या मध्यबिंदूच्या मागे, त्यांचे पाय दणकट. टेकल्याबरोबर विमान आपणहून झटक्यात पट्टीच्या दिशेला वळायचं. वैमानिकाने फक्त हातातलं चाक घट्ट आवळून धरायचं नाही. 1945 मध्ये हे विमान न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात विक्रीला होतं, कपड्यालत्त्यांच्या जोडीला! पुढे हे विमान बनवणाऱ्या नव्या कंपन्यांनी पेडलं बसवून द्यायला सुरुवात केली. पायांना काम नसलं की माणसाला चैन पडत नाही, दुसरं काय? तसंच ते अलगद टेकण्याचं वेड. प्रवासी टाळ्या वाजवतात, पण आडव्या वाऱ्यात जरा ठामपणे टेकलेलं विमान मला केव्हाही पसंत.

तर, बाकीच्या विमानांत नाक सरळ, सरकणं बंद. वारा किती आडवा, तेही बघा. पट्टीशी 30 अंशांनी येणारा 20 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा आडवा लागतो 10 नॉटच. सेस्ना 172 या छोट्या विमानाच्या माहितीपुस्तकात आडव्या वाऱ्यासाठी 15 नॉटचा आकडा असतो. तो चाचणीत करून दाखवलेला, पण नवशिक्याने त्याच्या बराच अलीकडे थांबावं. आणि चाकं टेकली म्हणून हात सैल सोडू नका. वेग उतरेल तसा एलेरॉन वाऱ्याकडे आणखी वळवत न्यायचा, पार टोकापर्यंत.