महारठिनी, महादेवी, पाटलीणबाई

[दृश्य: बेडसे, सकाळ. ड्रोन पायऱ्यांवरून वर.]

मावळात, कामशेतजवळचं बेडसे. पायऱ्या चढून आलं की आधी दिसतात हे खांब. नजर वर न्या. हत्ती, घोडे, आणि त्यांच्यावर ऐटीत बसलेली जोडपी. आमचा कॅमेरा इथून हलायला तयार नव्हता. पण जायचंय ते जवळच्या पाण्याच्या टाक्याकडे.

[दृश्य: टाक्यावरची भिंत. आडवा प्रकाश.]

समोरून उजेड टाकला तर इथे नुसता दगड. विजेरी भिंतीला टेकवून आडवी धरली की खाचांत सावली भरते आणि अक्षरं उठून येतात. लिपी ब्राह्मी. खाली गोल आणि वर दोन शिंगं, तो म. नुसतं वर्तुळ, तो ठ. त्याच्या डोक्यावर इकाराची खूण. आता बोट ठेवून वाचूया. म. हा. र. ठि. नि.

महारठिनी.

महारठी म्हणजे सातवाहन काळातला बडा सरदार. ही महारठिनी, नाव सामडिनिका. लेखात ती आधी सांगते की मी महाभोयाची बालिका, म्हणजे महाभोजाची मुलगी, माहेरही तालेवार. मग स्वतःची पदवी, मग नाव. नवरा आपदेवणक येतो सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या नावामागे पदवी नाही! पदवी नवऱ्याच्या घरातून आली असेल, पण दगडावर ती हिच्या नावाला लागली आहे.

[दृश्य: उतरणीची वाट. ताकाचा तांब्या.]

त्या शेवटच्या ‘नी’कडे जरा लक्ष द्या. योगिनीची मराठीत जोगीण झाली, मालिनीची माळीण. तोच ‘नी’ पुढे ईण होऊन घरोघर राहिला. देशमुखीण, कुळकर्णीण, सुभेदारीण. उतरताना वाटेत एका आजींनी ताक दिलं. आमचा वाटाड्या त्यांना म्हणाला, “पाटलीणबाई, अजून थोडं मीठ.” त्याला लेणीतलं काही ठाऊक नव्हतं. हा शॉट मी हट्टाने ठेवलाय.

[दृश्य: नाणेघाट. धुकं. मागची भिंत, पुतळ्यांच्या पायाकडचा भाग.]

नाणेघाटात सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. आता खाली पायांच्या खुणा आणि वर नावं. एका जोडीवर कोरलंय, “देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो.” देवी नायनिका, आणि राजा श्री सातकर्णी. आधी ती, मग तो. इथे राणीची पदवी ‘देवी’. इसवी सनाच्या आधीचा हा शब्द. पुढे आपण तो देवळात नेऊन बसवला आणि सुनेच्या लग्नपत्रिकेतही घातला.

[दृश्य: नाशिक, त्रिरश्मी डोंगर. लेणे क्रमांक 3. ओसरी खांद्यावर पेलणारे यक्ष.]

पांडवलेणी म्हणून सगळे येतात, भीमाची गादी कुठे ते विचारतात. पण या तिसऱ्या लेण्याची दानकर्ती गौतमी बलश्री. गौतमीपुत्र सातकर्णीची आई. लेख आहे नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, राज्याच्या 19व्या वर्षातला. मुलाचं कौतुक ओळींमागून ओळी चाललंय. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या शक घराण्याचा, वंश निखळ संपवला. आई बोलतेय, मग काय!

[दृश्य: लेखाचा जवळून शॉट. हळू सरकता कॅमेरा.]

आणि स्वतःबद्दल ती काय म्हणते? महादेवी, महाराजमाता, महाराजपितामही. राणी, आई, आजी. तीन पिढ्यांवरचा हक्क तीन शब्दांत. पण मला थांबवलं ते एका लांबलचक समासाने, ‘राजरिसिवधुसदमखिलं’. सद म्हणजे शब्द. राजर्षिवधू हा शब्द पुरेपूर पाळणारी, असं ती स्वतःला म्हणवते. पदवी मिळाली म्हणून मिरवत नाही, त्या शब्दाला जागायचंय म्हणते. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी पदवीबद्दल इतका नेमका विचार, तोही दगडावर.

वैदिक यज्ञकर्मात हीच थोरली राणी महिषी असते. त्याच शब्दाची मराठीत म्हैस झाली. हे राणीवशात कोणी बोललं नसेल अशी आशा.

[दृश्य: तळेगाव दाभाडे, उमाबाईंची समाधी.]

फार पुढे, 1731 साली, डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. पद गेलं धाकट्या यशवंतरावाकडे, कारभार आला आई उमाबाईंकडे. सेनापतीण म्हणून नव्हे, सेनापती म्हणूनच लोक त्यांचं नाव घेतात.

[दृश्य: बेडसे, पाऊस. भिंतीवरून ओघळ.]

पावसापाण्याने अक्षरांची धार जात चालली आहे.

[दृश्य: नाशिक, लेणे क्रमांक 20. संध्याकाळ. सभामंडप, आतली मोठी बुद्धमूर्ती.]

याच नाशिकचं विसावं लेणं. बोपकी नावाच्या यतीने ते खोदायला घेतलं आणि काम अडलं. कित्येक वर्षं तसंच अर्धवट पडून होतं. लेख सांगतो की सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या राज्याच्या 7व्या वर्षी महासेनापती भवगोपाच्या पत्नीने ते पुरं केलं. इथेही पदवी आधी आणि नाव नंतर.

महासेनापतिनी. वासु.

[आवाज बंद. फक्त मंडपातला वारा.]