यादीतला आकडा आणि गाठीचा पैसा

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्या मला इथून दिसतात. वाचनालयात पत्त्यांवर व्याख्यान! पण विषय मी निवडलेला नाही, मागच्या रांगेतल्या पोरांनी दिलेला आहे. त्यांच्यातल्या एकानं मोबाइल पुढं करून विचारलं, ‘काका, ह्या माणसापाशी खरंच सहाशे कोटी असतीन काय जी?’ आता मी पडलो सहकारी संस्थांचा लेखापरीक्षक. पतसंस्था आणि जिनिंगची दप्तरं तपासण्यात जन्म गेला. पत्ते मला बेताचेच येतात. पण कोणी मोठा आकडा दाखवला की त्याच्या खालची वजाबाकी कुठं लपवली आहे, हे शोधायची खोड काही जात नाही.

तो माणूस म्हणजे ब्रिन केनी. अमेरिकेचा. पोकर म्हणजे पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ, त्याच्या स्पर्धांत ह्या माणसाच्या नावावर साडेसात कोटी डॉलरच्या वर बक्षिसं लागलेली आहेत. डॉलर 85 रुपयांचा धरा, सहाशे कोटी सहज पार होतात. म्हणजे पोराचा हिशेब बरोबर होता. चुकत होता तो शब्द ‘पाशी’.

हा आकडा येतो ‘हेंडन मॉब’ नावाच्या एका यादीवरून. समोरासमोर टेबलावर बसून होणाऱ्या स्पर्धांत कोणाला किती बक्षीस मिळालं, याची नोंद ती यादी ठेवते. चोख ठेवते, त्याबद्दल तक्रार नाही. पण नोंद फक्त जमेची. स्पर्धेत बसायला जी प्रवेश फी भरावी लागते ती तिथं वजा होत नाही. हरलेल्या स्पर्धा दिसतच नाहीत. म्हणून गंमत बघा, हा आकडा कधी कमी होत नाही. माणूस कर्जात बुडाला, तरी यादीत तो चढताच राहणार.

तुम्ही कापूस घालून येता, हातात विक्रीची पट्टी पडते. समजा दोन लाखांची. ती पट्टी घेऊन कोणी गावात सांगत सुटला की ‘मी यंदा दोन लाख कमावले’, तर पारावरची म्हातारी माणसं हसतील. बियाणं, खत, फवारणी, निंदणाची न् वेचाईची मजुरी, कृषी केंद्राची उधारी, हे सगळं कोणाच्या बापानं भरलं? पोकरची ती यादी म्हणजे जगभरच्या पट्ट्यांची यादी आहे. आणि मोबाइलवाले तिलाच संपत्ती म्हणतात.

बोलायला पुरावा पाहिजे, म्हणून एक उदाहरण देतो. डॅनियल नेग्रानू हा कॅनडाचा खेळाडू, या धंद्यातला फार मोठा माणूस. त्यानं एक दुर्मिळ गोष्ट केली, वर्षाचा जमाखर्च स्वतः जाहीर केला. 2017 सालात त्याला बक्षिसं मिळाली सुमारे 28 लाख डॉलरची. यादीत तेवढंच चढलं. फी किती भरली? जवळपास 29 लाख. वर्षाअखेर 86 हजार डॉलर तोटा. त्यात विमानाचं तिकीट नाही, हॉटेल नाही, जेवण नाही. 28 लाख डॉलर जिंकलेला माणूस त्या वर्षी घरून पैसे घालून खेळला! मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. आमच्याकडं नफ्यातल्या संस्थासुद्धा ताळेबंद दाखवायला कुरकुरतात.

आणि हा तर वरचा माणूस झाला. खालच्यांचं काय? लास वेगासला दरवर्षी पोकरची जागतिक स्पर्धा होते, तिच्या मुख्य स्पर्धेची फी 10 हजार डॉलर. 2023 मध्ये 10,043 जण बसले. पहिल्याला, डॅनियल वाइनमनला, 1 कोटी 21 लाख डॉलर मिळाले. त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. पैसे मिळाले एकूण 1,507 जणांना. उरलेले साडेआठ हजार रिकाम्या हातानं उठले. त्यांचे फोटो कोण छापतो?

आता केनीकडं परत येऊ. 2019 मध्ये लंडनला एक स्पर्धा झाली, फी साडेदहा लाख पाउंड. त्यातले 50 हजार धर्मादाय कामाला, बाकी बक्षिसाला. 54 जण बसले. शेवटी दोघं उरले, केनी आणि चीनचा ॲरन झांग. त्या घडीला केनीपाशी चिप्स, म्हणजे डावात पैशाच्या जागी लावायच्या चकत्या, जास्त होत्या. दोघांनी बसून समजुतीनं पैसे वाटून घेतले आणि मग डाव संपवला. जिंकला झांग, त्याला 1 कोटी 37 लाख पाउंडांच्या वर मिळाले. हरलेल्या केनीला मिळाले 1 कोटी 69 लाखांच्या आसपास. दुसरा आलेला माणूस पहिल्यापेक्षा जास्त घेऊन गेला! यादीत ती रक्कम केनीच्या नावावर सबंध चढली.

पण साडेदहा लाख पाउंडांची फी माणूस एकटा भरतो काय? या धंद्यात असं सहसा होत नाही. मोठ्या फीच्या स्पर्धेआधी खेळाडू आपले हिस्से विकतात. दहा टक्के याला, वीस टक्के त्याला, थोडे मित्रांशी अदलाबदल. जिंकला तर त्या प्रमाणात वाटणी. यादीला यातलं काही कळत नाही. सातबारावर एकाचं नाव आणि पीक चौघांच्या घरी, असा प्रकार.

याची सगळ्यात कडू कहाणी स्टू उंगरची. न्यू यॉर्कचा पोरगा, पत्त्यांतली त्याची बुद्धी बघून लोक थक्क व्हायचे. 1980 आणि 1981, लागोपाठ दोनदा जागतिक मुख्य स्पर्धा जिंकला. मग कोकेन. सोळा वर्षांनी, 1997 मध्ये, त्याच्यापाशी फीचे 10 हजार डॉलरही नव्हते. बिली बॅक्स्टर नावाच्या जुन्या जुगाऱ्यानं ते भरले. उंगर तिसऱ्यांदा जिंकला, बक्षीस 10 लाख डॉलर. त्यातले अर्धे बॅक्स्टरचे. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1998 मध्ये, लास वेगासच्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. जवळ 800 डॉलर होते. यादीत मात्र ते 10 लाख आजही त्याच्याच नावावर आहेत.

त्याच मुख्य स्पर्धेचा 2006 सालचा विजेता जेमी गोल्ड. 1 कोटी 20 लाख डॉलर! एका ओळखीच्या माणसानं दावा ठोकला की अर्धे माझे ठरले होते. न्यायालयानं 60 लाख अडकवून ठेवले, पुढं तडजोड झाली. तोंडी करारावर कोटींचे व्यवहार. आपल्याकडं बैलजोडीच्या सौद्यालासुद्धा दोन साक्षीदार ठेवतात.

पुढचा भाग जरा नीट ऐका, फळ्यावर मांडतो. पैसा लावणारा आणि खेळणारा यांच्यात ‘मेकअप’ नावाची पद्धत असते. बायाबापड्यांचा नव्हे! झालेला तोटा पुढं ओढत नेतात, त्याला हे नाव. समजा, एकानं पोराच्या मागं पैसा लावला, नफा निम्मा-निम्मा ठरला. पोरगा महिनोन्‌महिने हरला. भरलेली फी सगळी मिळून 8 लाख. मग एक दिवस 10 लाखांचं बक्षीस लागलं. गावात फटाके. आता वाटणी बघा: आधी 8 लाख पैसा लावणाऱ्याचे परत. उरले 2 लाख, त्यांचे दोन भाग. पोराच्या हातात 1 लाख. यादीत 10 लाख. आणि मधल्या महिन्यांत त्यानं खाल्लं काय, राहिला कुठं, याची उधारी त्या एका लाखातून फेडायची. माझ्या उभ्या नोकरीत मी सावकारीच्या बऱ्याच वह्या पाहिल्या. ही पद्धत बघून मला त्या वह्या आठवल्या, एवढंच म्हणतो.

नालेचं वेगळं सांगायला नको. पोळ्याच्या दिवसांत आपल्याकडं कुठं कुठं डाव बसतात, सगळ्यांना ठाऊक आहे. ठाणेदार साहेबांनाही ठाऊक आहे. तीन पत्तीत प्रत्येक डावामागं अड्डेवाला नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो. कॅसिनो आणि ॲप तेच करतात, फक्त एसीत बसून.

न्यायानं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यादी जशी फुगवते तशी लपवतेही. स्पर्धेबाहेर रोख पैशांचे डाव चालतात, काही खेळाडूंची खरी कमाई तिथं होते, आणि त्यातला पैसाही यादीत नसतो. जाहिरातीचा पैसा नसतो. ख्रिस मनीमेकर घ्या. हे त्याचं खरं आडनाव बरं का, मी रचलेलं नाही. टेनेसीतला हिशेबनीस. 2003 मध्ये इंटरनेटवरच्या एका स्वस्त पात्रता फेरीतून जागतिक मुख्य स्पर्धेत आला आणि 25 लाख डॉलर जिंकला. त्यातलाही काही हिस्सा आधीच बापाला आणि एका मित्राला विकलेला होता. पण पुढं 2020 पर्यंत एका पोकर कंपनीनं त्याला आपला चेहरा म्हणून ठेवलं. ते मानधन किती, हे त्याचा आयकरवाला जाणे. म्हणून ‘अमक्याची अंदाजे संपत्ती इतके कोटी’ असं जे छापतात ना, ते लिहिणाऱ्यानं ना त्याचं पासबुक पाहिलं असतं, ना कर्जाचे कागद. पतसंस्थेच्या सचिवानं मला असा ताळेबंद दिला असता, तर मी त्याला चहा न पाजता परत पाठवला असता.

आता कर. ब्रिटनमध्ये जुगाराच्या जिंकलेल्या पैशावर खेळाडूला कर नाही. अमेरिकेत आहे. आणि 2025 मध्ये तिथं झालेल्या कायद्यात अशी तरतूद आली की 2026 पासून हरलेल्या पैशातले 90 टक्केच वजा मिळतील. म्हणजे 10 लाख जिंकले, 10 लाख हरले, हाती शून्य. तरी 1 लाखावर कर. आपल्याकडं त्याहून कडक. टेबलावर पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के, वर अधिभार आणि उपकर. खर्चापोटी एक रुपया वजा मिळत नाही. आपला संतोष सुवर्णा, बेंगळुरूचा, 2024 मध्ये लास वेगासला अडीच लाख डॉलर फीची स्पर्धा जिंकला, बक्षीस 54 लाख डॉलर. पेपरात 45 कोटी म्हणून आलं. आता तुम्हीच वजाबाकी सुरू करा: फी, हिस्से असतील तर हिस्से, कर.

मोबाइलवरच्या खेळांना 2023 पासून वेगळा नियम लागला. भरलेले पैसे वजा जाऊन जी निव्वळ जीत उरेल तिच्यावर 30 टक्के, आणि ते कंपनीनंच कापायचे. ते कापलेले पैसे 26एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या नोंदीत, दिसतात. ज्यांनी तेव्हा खेळून विवरणपत्र भरलं नाही आणि आता नोटीस आली आहे, अशी दोन पोरं मला ठाऊक आहेत, नावं घेत नाही. त्यांनी उद्या कागद घेऊन घरी यावं, मी बघून देतो. मात्र ‘काका, कोणतं ॲप चांगलं?’ हे विचारायला येऊ नका. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. तरीही ज्याची लिंक टेलिग्रामवर येते, त्याच्या मालकाचा पत्ता आधी मला आणून दाखवा.