प्रेशर वाढवलं तरी के तोच! मग समतोल सरकतो कशाला?

नमस्कार मंडळी! बारावीची परीक्षा जवळ आली की गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळ्यांची एकच कमेंट: "सर, प्रेशर वाढवलं की के, म्हणजे रासायनिक समतोलाचा स्थिरांक, वाढतो ना?" नाही हो, नाही वाढत!

ले शातेलिएचं तत्त्व 1884 मधलं, ते तुम्हाला पाठ आहे: समतोलाला धक्का दिला की तो धक्का कमी होईल त्या बाजूला अभिक्रिया सरकते. पदार्थ टाकला की तो खपेल त्या बाजूला, तापवलं की उष्णता शोषली जाईल त्या बाजूला, प्रेशर वाढवलं की वायूचे रेणू कमी असतील त्या बाजूला. झालं.

भांडण आहे ते के वरून. तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड घ्या. त्याचे दोन रेणू जुळले की रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. इथे के म्हणजे समतोलात टेट्रॉक्साइडची संहती (दर लिटरमागे किती आहे ते) भागिले डायऑक्साइडच्या संहतीचा वर्ग. आता तापमान तेच ठेवून सिरिंज दाबा, घनफळ निम्मं. वर दुप्पट, खाली चौपट, म्हणजे गुणोत्तर क्षणात अर्ध्यावर. के जागेवरच! तो हलत नाही, म्हणून अभिक्रियेला हलावं लागतं. केसुद्धा अर्धा झाला असता तर सरकायची गरजच काय होती?



एका ताईंच्या नोट्समध्ये आहे, "दाबल्यावर रंग फिका होतो." अर्धवट! बाजूने पाहा: आधी एकदम गडद, मग जरा उतरतो, तरी पहिल्यापेक्षा गडदच. के तोच आणि टेट्रॉक्साइड वाढलेला, मग डायऑक्साइडची संहती पहिल्यापेक्षा कमी होईलच कशी?

के बदलतो फक्त तापमानाने. वास्कोला जाताना झुआरीनगरचा खत कारखाना दिसतो ना? युरियाला अमोनिया लागतो. तो बनताना उष्णता बाहेर पडते, म्हणजे तापवलं की के घसरतो. तरी हेबर पद्धतीत, म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवताना, 400 ते 450 अंश सेल्सिअस ठेवतात, कारण कमी तापमानाला लोखंडाचा उत्प्रेरक सुस्तावतो. उतारा घटतो, तो हवेच्या दाबाच्या 200 पटींच्या आसपास दाब देऊन भरून काढतात. के घसरलेलाच राहतो, अमोनिया मात्र वाढतो. उत्प्रेरक वेग वाढवतो, के ला तोही हात लावत नाही.

आणि आर्गॉनचं विचारणारे! घनफळ तेच ठेवून आर्गॉन, म्हणजे अभिक्रियेत भागच न घेणारा वायू, भरला तर? एकूण प्रेशर वाढेल, समतोल ढिम्म हलणार नाही. त्या गुणोत्तरात आर्गॉन आहे कुठे, दाखवा मला कमेंटमध्ये.