चार मिनिटं तेरा सेकंद बॉल हातात

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय हायस्कूल बास्केटबॉलमधल्या स्टॉलिंगबद्दल. म्हणजे बॉल आपल्याकडे आहे पण शॉट मारायचाच नाही, नुसता इकडून तिकडे पास करायचा नाहीतर सरळ हातात धरून उभं राहायचं आणि घड्याळ पळू द्यायचं. हे चालू द्यावं की शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत शॉट मारायलाच लावणारं घड्याळ, लावून बंद करावं यावरून इथे अमेरिकेत राज्याराज्यांत वाद पेटलाय, कोच एकीकडे, पालक दुसरीकडे, आणि शाळांचे खजिनदार तिसरीकडे. मी इंडियानात राहतो, इथे हायस्कूल बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे पंढरपूरची वारी जशी तसं आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग तुम्हाला ऐकायला सोपं जाईल. बॉल धरून ठेवणं हा लहान शाळेचा हक्क आहे आणि तो काढून घेऊ नये. परत सांगतो, लहान शाळेचा हक्क.

आता हे मी का म्हणतो त्यासाठी तुम्हाला 1954 सालात न्यावं लागेल. ही गोष्ट मला सांगायला फार आवडते, आणि जे इंडियानात राहतात त्यांनी ऐकलेली असली तरी सगळी ऐकलेली नसते, लोकांना शेवटचा शॉट तेवढा माहीत असतो.

मिलान नावाचं एक खेडं आहे, राज्याच्या आग्नेयेला. शाळेत सगळी मिळून 161 पोरं. त्या काळी इंडियानात शाळेच्या आकाराप्रमाणे गट वगैरे काही नव्हते, एकच स्पर्धा, सगळ्या शाळा एकाच पातेल्यात, शहरातली हजारो पोरांची शाळा आणि ही 161 वाली एकमेकांसमोर. (ही एक-स्पर्धेची पद्धत 1997 नंतर बंद केली, चार गट पाडले, आणि मला विचाराल तर तो या राज्याने खेळाबद्दल घेतलेला सगळ्यात वाईट निर्णय होता. आता लहान शाळेला कप मिळतो पण तो कुणाला हरवून मिळाला हे कुणी विचारत नाही. असो, तो विषय आजचा नाही.)

मिलानचा कोच मार्विन वूड, विशीतला माणूस. तो कॉलेजात बटलर विद्यापीठाकडून टोनी हिंकल या कोचच्या हाताखाली खेळलेला, आणि फायनल होती तीही बटलरच्याच फील्डहाऊसमध्ये, इंडियानापोलिसला. म्हणजे कोचला तिथली प्रत्येक फळी पायाखालची. पुढे त्या इमारतीला हिंकलचंच नाव दिलं, आजही ती उभी आहे, कधी आलात तर आत जाऊन या, वरच्या खिडक्यांतून दुपारचं ऊन कोर्टावर पडतं ते बघण्यासारखं असतं.

बरं, कुणाला वाटेल की मिलान म्हणजे हळूहळू खेळणारी, घाबरट टीम. अजिबात नाही. त्याच स्पर्धेत त्यांनी क्रिस्पस ॲटक्स शाळेला हरवलं होतं आणि त्या टीममध्ये ऑस्कर रॉबर्टसन होता, तेव्हा शाळकरी पोर, पुढे जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंपैकी एक झाला. आणि फायनलच्या दिवशी, 20 मार्चला, सेमीफायनल पण त्याच दिवशी असायची, तर दुपारी यांनी टेरे होटच्या गर्स्टमायर शाळेवर 60 पॉइंट केले. साठ! म्हणजे जोरात खेळता येत होतं. लक्षात ठेवा, येत होतं.

रात्री समोर मन्सी सेंट्रल. आधीच चार वेळा राज्याची चॅम्पियन, शाळा मिलानच्या कितीतरी पट मोठी, पोरं उंच. हाफटाइमला मिलान 23-17 पुढे, पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये मन्सीने दाबलं, 26-26 बरोबरी, आणि चौथा क्वार्टर सुरू झाला तसं मन्सी 28-26 पुढे गेलं. आता मिलानच्या पोरांचे पाय दुपारच्या मॅचने जड झालेले, रिबाउंड, म्हणजे शॉट चुकून परत आलेले बॉल, सगळे मन्सीचे उंच पोरगे घेतायत, आणि बॉबी प्लंप, मिलानचा सगळ्यात भरवशाचा पोरगा, पिअर्सव्हिल नावाच्या वाडीतला, त्याचा हात त्या रात्री काही बसत नव्हता.

अशा वेळी तुम्ही काय कराल? दोन पॉइंट मागे आहात, शेवटचा क्वार्टर आहे, धावाल ना? सगळे धावतात. वूडने प्लंपला सांगितलं, बॉल धरून उभा राहा.

मागे असताना! हे परत ऐका. पुढे असणारी टीम घड्याळ खाते हे सगळ्यांना कळतं, पण हे दोन पॉइंटनी मागे होते आणि तरी थांबले. प्लंप मिडकोर्टजवळ उभा, बॉल दोन्ही हातांत, पास नाही, ड्रिबल नाही. समोर मन्सीचा डिफेंडर उभा, तोही पुढे येत नाही, कारण मन्सीला कशाला यायचं पुढे, ते तर जिंकतायत. जवळजवळ पंधरा हजार माणसं बसलेली आणि कोर्टावर दहा पोरं उभी.

मंडळी, मी आता दहा सेकंद बोलणार नाही. फक्त दहा. बघा कसं वाटतं ते.

(दहा सेकंद शांतता)

हे दहा झाले. प्लंप उभा होता चार मिनिटं आणि तेरा सेकंद. म्हणजे आत्ता तुम्ही जे ऐकलंत, किंवा ऐकलं नाहीत, ते पंचवीस वेळा. क्वार्टर असतो आठ मिनिटांचा, त्यातला अर्ध्याहून जास्त एका पोराने बॉल धरून घालवला, आणि वूडचा हिशोब साधा होता, अंतर दोनच पॉइंटचं आहे, खेळत राहिलो तर ते वाढेल, थांबलो तर वाढणार नाही, मग शेवटच्या थोड्या वेळात सोक्षमोक्ष लावू आणि थोड्या वेळापुरतं आपण कुणालाही हरवू शकतो.

मग प्लंपने शॉट मारला. चुकला! चार मिनिटं थांबून चुकला. पण मन्सीने बॉल घालवला, रे क्राफ्टने बास्केट केली, 28-28. प्लंपला दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही गेले, 30-28. मन्सीने परत बरोबरी केली, 30-30. अठरा सेकंद उरली असताना टाइमआउट. तिथे ठरलं की बाकीच्या चौघांनी एका बाजूला सरकायचं आणि प्लंपला मोकळी बाजू द्यायची, तो आणि त्याचा डिफेंडर, बस्स. प्लंपने परत बॉल धरून ठेवला, सेकंद जाऊ दिले, मग डावीकडे जायचं दाखवून उजवीकडे गेला, गपकन थांबला, उडी मारली आणि पंधराएक फुटांवरून सोडला. 32-30. मिलान चॅम्पियन.

दुसऱ्या दिवशी त्या एवढ्याशा गावात हजारो माणसं जमली, गाड्यांची रांग मैलोन् मैल. प्लंपने पुढे इंडियानापोलिसमध्ये एक रेस्टॉरंट काढलं आणि त्याला नावसुद्धा त्याच शेवटच्या शॉटचं दिलं. हायस्कूल बास्केटबॉलच्या इतिहासातली लोकांनी सगळ्यात जास्त जीव लावलेली मॅच कुठली म्हणाल तर ही, आणि ही मॅच स्टॉलिंगची आहे. आज शॉट क्लॉक मागणारे लोक याच मॅचचं कौतुक करतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण तो नियम तेव्हा असता तर 161 पोरांच्या शाळेला त्या रात्री श्वास घ्यायलाच मिळाला नसता.

आता दुसरी बाजू, ती पण खरी आहे. 2024 च्या जानेवारीत ओक्लाहोमात वेदरफर्ड आणि अनाडार्को या दोन शाळांची मॅच 4-2 अशी संपली. बत्तीस मिनिटांचा खेळ आणि सहा पॉइंट. व्हिडिओ देशभर फिरला, लोक खवळले. प्रोफेशनल बास्केटबॉलमध्ये हे फार आधी झालं होतं, 1950 मध्ये फोर्ट वेनने मिनिआपोलिसला 19-18 असं हरवलं, प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून हैराण केलं, आणि शेवटी 1954 च्या सीझनपासून 24 सेकंदांचं क्लॉक आलं. सिरॅक्यूज टीमचा मालक डॅनी बियासोन याने त्यासाठी आग्रह धरला होता. पोट भरायचा धंदा होता त्यांचा, लोक तिकीट काढून येतात, तिथे ते बरोबरच होतं. आपल्या प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत पॉइंट घ्यावाच लागतो, नाहीतर आऊट, तोच विचार.

हायस्कूलसाठी देशपातळीवर नियम करणाऱ्या संघटनेने 2021 मध्ये ठरवलं की 2022-23 पासून ज्या राज्याला पाहिजे त्याने 35 सेकंदांचं क्लॉक लावावं. सक्ती नाही, ज्याला पाहिजे त्याने. काही राज्यांनी लावलं, काहींकडे आधीपासूनच होतं, काही अजून भांडतायत. क्लॉकला काही हजार डॉलर लागतात, आणि ते चालवायला प्रत्येक मॅचला एक शिकलेला माणूस लागतो, मुलींची मॅच, मुलांची मॅच, सगळ्याला. कधी रिसेट करायचं आणि कधी नाही हे कळायला लागतं. ज्या गावात पॉपकॉर्न विकायला बसणारी आणि तिकीट फाडणारी बाई एकच असते तिथे हा माणूस आणायचा कुठून?

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. स्टॉलिंगला दोन टीम लागतात. परत सांगतो, दोन लागतात. समोरची टीम बास्केटखाली झोन लावून, म्हणजे आपापली जागा राखत, आरामात उभी राहते म्हणून बॉल धरता येतो. बाहेर या ना! आजच्या हायस्कूल नियमात फ्रंटकोर्टमध्ये, म्हणजे बॉलवाली टीम जिथे शॉट मारते त्या अर्ध्या कोर्टात, सहा फुटांच्या आत येऊन अंगावर डिफेन्स केला तर बॉल धरणाऱ्याकडे पाचच सेकंद उरतात, नाहीतर बॉल गेला. पण बाहेर यायचं म्हणजे पाय हलवायला लागतात, मागे जागा मोकळी पडते, तेवढी जोखीम नको असते. मग 4-2 ची शिवी एकट्या बॉलवाल्या कोचला का?

स्टँडमधून शिव्या देणाऱ्यांबद्दल पण एक बोलतो, त्यात आपल्या घरातले लोकही असतात. पोरगं कोर्टावर कोचने सांगितलेलं करत असतं, आणि बाबा वरून ओरडतात, शूट, शूट! त्याने कुणाचं ऐकायचं? सोळा वर्षांच्या पोराला बॉल धरून शांत उभं राहायला जी हिंमत लागते ती पळण्यापेक्षा जास्त आहे, त्याला तेवढं करू द्या.

तर माझं म्हणणं असं, मोठ्या शाळांच्या गटात क्लॉक खुशाल लावा. त्यांच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, त्यातली काही पोरं कॉलेजात खेळायला जाणार आहेत आणि तिथे तीस सेकंदांत शॉट घ्यावाच लागतो, सवय झाली तर चांगलंच. सगळ्यात लहान गटाला यातून मोकळं ठेवा. गट पाडलेच आहेत तर त्यांचा हा एक तरी उपयोग होऊ दे. तुमच्या मुलांच्या शाळेत हा विषय निघाला तर मीटिंगला जा, आणि क्लॉक कोण चालवणार, त्याला शिकवणार कोण, आणि ज्युनिअर टीमच्या मॅचला तो माणूस येणार का, हे तिथल्या ॲथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे शाळेतले खेळ बघणाऱ्या माणसाला, उभं राहून विचारा. नमस्कार.